विमान पाच दिवस थांबतं

ब्राझीलमधल्या सांतोसच्या बंदरात इदालिना गोवेइयाच्या जिभेवर लोकांचा भरवसा होता. कॉफीच्या गोदामांमागे एक जुनी कचेरी, तिथे गोल फिरतं टेबल, टेबलावर ओळीने वाट्या आणि शेजारी गुडघ्याएवढी पितळी पिकदाणी. इदालिना चमच्याने घोट घ्यायची, मोठ्याने भुरका मारायची, तोंडात फिरवायची आणि थुंकून टाकायची. दिवसाला दीडशे वाट्या. चांगल्या मालात चार आंबलेले दाणे मिसळलेले असले तरी तिच्या कपाळाला आठी पडायची, आणि ती आठी पाहिली की दलाल पुढे वाद घालत नसत. चोविसाव्या वर्षी शिकलेलं हे काम ती सत्तावन्नाव्या वर्षीही करत होती. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "मला वास फार लवकर येतो."

घरी आई होती, दोना बेनविंदा. साओ बेंतूच्या टेकडीवर, बऱ्याच पायऱ्या चढून गेल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर. आई एक्याऐंशीची, तरी खिडकीत बसून अजून भरतकाम करायची. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून आलेल्या सगळ्याच बायका त्या टेकडीवर भरतकाम करायच्या. आता मोजून पाच-सहा उरल्या होत्या. बेनविंदा पंधरा वर्षांची असताना वडिलांबरोबर बोटीने आली. धाकटी लुदोविना बारा वर्षांची होती, तिला तिथेच आजीपाशी माशिकू गावात ठेवलं. "दोन वर्षांत बोलावून घेऊ," असं वडील म्हणाले होते. त्याला आता सहासष्ट वर्षं झाली. आधी पत्रं, मग नाताळाला फोन, आणि दर फोनच्या शेवटी दोघींचं एकच बोलणं: पुढच्या वर्षी नक्की.

इदालिनाने दोनदा तिकिटं काढायचा विचार बोलून दाखवला होता. दोन्ही वेळा धाकटा भाऊ आडवा आला.

वाग्नेर तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. पूर्वी बँकेत होता. मग त्याला मैलांचा नाद लागला. कार्डाने खरेदी करायची, त्याचे पॉइंट जमवायचे, पॉइंटांचे विमान कंपनीचे मैल करायचे आणि मैलांवर फुकट उडायचं. नोकरी सोडून तो आता हेच लोकांना शिकवायचा, फोनवर व्हिडिओ टाकून. त्याची खासियत होती थांबा. जायचं असतं एका गावी, पण वाटेतल्या शहरात चार-पाच दिवस उतरायचं, तेही त्याच तिकिटात, वर एक मैल न देता. "एका दगडात दोन शहरं," असं तो प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी म्हणायचा. पन्नास हजार लोक ते ऐकायचे.

घरातल्या सगळ्यांची नावं त्याच्या खात्याला जोडलेली होती. आईची हृदयाची औषधं, इदालिनाचा फ्रिज, टेकडीवरच्या शेजाऱ्यांची सिमेंटची पोतीसुद्धा त्याच्या कार्डावरून यायची. दोघांचे वडील वारले तेव्हा शवपेट्यांच्या दुकानात तो मालकाशी बोलत होता, ते इदालिनाने दारातून ऐकलं होतं. "आजच बिल करा हं. दुप्पट पॉइंटांचा आजचा शेवटचा दिवस आहे." घरी येऊन तिने तीनदा चूळ भरली. आणि पुढच्या वर्षी त्याच मैलांवर सान्तियागोला जाऊन आली, वाटेत तीन दिवस मोन्तेविदेओत राहून. मजा आली होती तिला. ही गोष्ट ती स्वतःशीसुद्धा फारशी काढत नसे.

तर आईच्या प्रवासाचं. "पैसे भरून तिकीट?" वाग्नेर म्हणायचा. "माझी आई पैसे भरून गेली हे लोकांना कळलं तर माझं दुकानच बंद होईल. थांब ना इदा, जागा सुटतील. मैलांच्या जागा सुटायला वेळ लागतो." जागा सुटायला अडीच वर्षं लागली. आई कुणाकुणाला अभिमानाने सांगायची, "माझा वाग्नेर नेणार आहे मला."

शेवटी मे महिन्यातली तिकिटं झाली. तिघांची. वाग्नेरने इदालिनाला फोनवर दाखवलं: दहाला निघायचं, अकराला लिस्बन, तिथे पाच दिवस, मग सोळाला मदेरा.

"पाच दिवस कशाला?" इदालिना म्हणाली.

"फुकट आहेत म्हणून. तू पाहिलंयस लिस्बन?"

तिने पाहिलं नव्हतं. पाहायचं मात्र फार होतं. "आईला विचारलंस ना?"

"आई खूश आहे," तो म्हणाला.

साओ पावलोच्या विमानतळावर इदालिनाला पहिली शिसारी आली ती खुर्चीची. आई रोज पायऱ्या चढणारी बाई. वाग्नेरने तिच्यासाठी चाकांची खुर्ची मागवली होती, का तर रांग लागत नाही. आईने दोनदा सांगितलं, "अरे, मला चालता येतं." तो म्हणाला, "माहीत आहे गं, बस जरा." तपासणीच्या रांगेत लहान बाळांना घेऊन बायका उभ्या होत्या. त्यांच्या शेजारून आईला ढकलत नेताना आई मान खाली घालून बसली होती, आणि मधेच पाय दुखत असल्यासारखी गुडघ्यावर हात फिरवत होती. मुलासाठी एक्याऐंशीव्या वर्षी ती सोंग करत होती. इदालिनाने तोंड फिरवलं.

मग आतला खास दिवाणखाना, कार्डवाल्यांचा. चार तास तिथे बसवलं. वाग्नेर ताटं भरभरून आणायचा, दोन घास खायचा, ताट तसंच सोडायचा आणि पुन्हा उठायचा. तिथे बसलेले सगळेच तसं करत होते. अर्धवट खाल्लेली कोळंबी, चिरडलेले केक, त्यात खुपसलेले कागदी रुमाल. साफ करणारी बाई एकामागून एक ताट काळ्या पिशवीत ओतत होती आणि कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. वाग्नेरने चीजचे पाव रुमालात गुंडाळून आईच्या पर्समध्ये, तिने लुदोविनासाठी भरलेल्या मेजपोशाच्या घडीवरच ठेवले. तेलाचा डाग पडेल म्हणून इदालिनाने ते काढून टेबलावर आपटले.

"हे सगळं आपल्याच पैशातलं आहे इदा," तो म्हणाला.

"मघाशी तर फुकट होतं," ती म्हणाली.

लिस्बनला उतरल्यावर आई हॉटेलच्या पलंगावर बसली, बूटही न काढता. पहिल्या दिवशी तिला ट्राममध्ये बसवलं, दुसऱ्या दिवशी नदीकाठी. वाग्नेर पुढे उलटा चालत फोन धरायचा आणि म्हणायचा, "आई, हस. आई, तो केक परत तोंडाजवळ ने." दगडी चढांवर आईचा श्वास फुलत होता. चाकांची खुर्ची आता नव्हती. इथे खरी गरज होती, पण इथे रांग नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलमध्ये आई म्हणाली, "आमची बोटही वाटेत रेसिफे बंदरात दोन दिवस थांबली होती. माल चढवायला. या विमानात काय चढवतात रे, पाच दिवस लागतात ते?"

इदालिना केस विंचरत होती. तिचा हात थांबला.

वाग्नेर फोनवरून मान न उचलता म्हणाला, "विमान मोठं आहे आई. पाच दिवस थांबतं."

"बरं. लुदोला कळवलंस ना? मी तिला सांगितलंय, दहाला निघतो म्हणून. बोटीचं असतं तसं विमानाचंही असतं, हे तिला कुठून माहीत असणार."

"कळवलंय," तो म्हणाला.

इदालिनाने त्याला बाहेर गॅलरीत ओढलं. "तिला वाटतंय विमान थांबलंय."

"मग? समजावत बसू का तिला नियम? खूश आहे ती."

"मावशीला खरंच कळवलंस?"

त्याने खांदे उडवले. "कळवलं तर दार उघडताना चेहऱ्यावर काय दिसणार? सहासष्ट वर्षांनी भेट आहे इदा. एकदाच मिळते."

"उद्या सकाळी निघू. दीड तासाचं तर विमान आहे."

"आणि हे तिकीट? मधला एक टप्पा चुकवला की पुढचे सगळे रद्द होतात. परतीचेसुद्धा. तीन माणसांचे. वेड लागलंय का तुला?"

नियम खरा होता. तरी नवी तिकिटं काढता आली असती, इदालिनाकडे तेवढं नक्की होतं. आत जाऊन आईला एक वाक्य सांगता आलं असतं. किंवा मावशीच्या घरी फोन करता आला असता. पण नंबर आईच्या वहीत, वही आईच्या पर्समध्ये, आणि नंबर मागितला की का ते सांगावं लागलं असतं. खरं कारण वेगळंच होतं, आणि ते तिला तेव्हाही कळत होतं. तिसऱ्या दिवशी तिला टेकडीवरचा किल्ला बघायचा होता. तिने तो बघितला. संध्याकाळी भाजलेले सार्डिन खाल्ले आणि एक ग्लास वाइन जास्त घेतली. आई खुर्चीत पेंगत होती. मध्येच जागी होऊन म्हणाली, "आज भरलं का गं विमान?" आणि इदालिना म्हणाली, "भरत आलंय." हे तिने म्हटलं. वाग्नेरने नाही.

सोळाला दुपारी ते मदेराला उतरले. वारा इतका होता की विमान दोनदा फिरून मग टेकलं. टॅक्सीने माशिकूला पोचले, तर गल्लीच्या तोंडापासूनच वाग्नेरने फोन समोर धरला. आईने कोटाची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला. दार निळं होतं. तिने स्वतः ठोठावलं.

लुदोविना मावशी बुटकी, काळ्या कपड्यातली, हात पिठाने माखलेले. तिने दार उघडलं, आईकडे पाहिलं. आई पुढे झाली आणि दोन्ही हात पसरून तिला बिलगली. मावशीचे हात खालीच राहिले. चार-पाच क्षण गेले. मग तिने आईला हळूच बाजूला केलं आणि म्हणाली, "फिरून झालं?"

आईला समजलं नाही. "लुदो, मी बेन."

"ओळखलं. अकरा तारखेला मी विमानतळावर होते. सकाळच्या बसने गेले, संध्याकाळच्या बसने परत आले. बाराला परत गेले, म्हटलं माझंच ऐकण्यात चुकलं असेल. तेराला सूनबाईने फोनवर दाखवलं मला, तू ट्राममध्ये बसून हसत होतीस."

"अगं, विमान थांबलं होतं तिथे. पाच दिवस."

मावशी हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "लिस्बनचं विमान? दिवसाला दहा येतात बेन. माझी सून दात दाखवायला जाते आणि जेवायला घरी परत असते. त्या दोन दिवसांत मी सगळी येताना पाहिली. प्रत्येकातून उतरणारी म्हातारी तू आहेस का, ते बघत होते. आपण कशा दिसतो आता, ते तरी मला कुठे ठाऊक होतं?"

आई वळली. वाग्नेरच्या हातात अजून फोन होता. "आई, जरा उजेडाकडे ये," तो हलक्या आवाजात म्हणाला. खरंच म्हणाला. इदालिना मावशीच्या घासलेल्या उंबऱ्याकडे बघत राहिली.

आईने त्याला काही विचारलं नाही. तिने इदालिनाकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"हो," इदालिना म्हणाली.

मावशीने त्यांना आत घेतलं. बेटावर कुणी पाहुण्याला दारातून परत पाठवत नाही. लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेलं डुकराचं मांस अकराला शिजवलं होतं, नाताळाला करतात तसं, मे महिन्यात, मुद्दाम. ते तेराला शेजाऱ्याच्या कुत्र्यांना घातलं होतं. आता पाव होता, लोणी होतं, चहा होता. कपबश्या चांगल्या काढल्या होत्या, परक्यांसाठी काढतात त्या. मेजपोश दिला तेव्हा मावशीने उलट बाजूचे टाके पाहिले, म्हणाली, "हात तसाच आहे," आणि घडी करून बाजूला ठेवला. वाग्नेर फोन चार्जिंगला लावायला जागा शोधत होता.

त्याची सोय बेटावरच्या फुंशाल शहरातल्या एका हॉटेलात होती, तीही पॉइंटांवर. तो गेल्यावर रात्री इदालिनाच्या फोनवर त्याचा व्हिडिओ आला. निळं दार, आईचे पसरलेले हात, मिठी. मिठीतले ते चार-पाच क्षण त्याने सावकाश चालवले होते, वर व्हायोलिन वाजत होतं. मावशीने तोंड उघडायच्या आधीच कापलं होतं. खाली लिहिलं होतं: सहासष्ट वर्षं, शून्य रियाल, आणि वाटेत लिस्बन फुकट. हजारो लोकांनी रडणारे चेहरे पाठवले होते. इदालिनाने आयुष्यभर सडका, मातकट, बुरशी धरलेला माल तोंडात घेतला होता. थुंकला की तो संपायचा. हे तिला कुठे थुंकावं ते कळेना.

दोन दिवस बहिणी एकमेकींशी फक्त मीठ दे, पाणी घे, एवढंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात भांडण पेटलं. लिस्बनवरून सुरू झालं आणि कुठल्या कुठे गेलं. आजी वारल्याचं कळवलं तेव्हा आईकडून पत्र यायला चार महिने का लागले. आईच्या लग्नाचा फोटो मावशीला का पाठवला नाही. मावशीने शेत विकलं तेव्हा आईला का विचारलं नाही. "तू बोलतेस तरी कशी," मावशी ओरडत होती, "ब्राझीलच्या मालिकेतल्या बायकांसारखी." "आणि तू तोंडात बटाटा धरल्यासारखी," आई म्हणाली. इदालिना अंगणात केळीखाली बसून ऐकत होती. दुपारी आत गेली तेव्हा दोघी शेंगा सोलून एकाच ताटात दाणे टाकत होत्या. आईचे डोळे सुजलेले होते. मावशी म्हणाली, "मांस आणायला सांगितलंय. तीन दिवस मुरावं लागतं."

तीन दिवसांनी परतीचं विमान होतं. परतीतही वाग्नेरने एक थांबा घातला होता, पोर्तूला, दोन दिवसांचा.

तो न्यायला आला तेव्हा आई मसाल्यातलं मांस उलटंपालटं करत होती. "मी येत नाही," ती म्हणाली. "मांस उद्या होईल."

"आई, आजचं विमान सोडलं तर सगळं जातं. पोर्तू, घरचं, सगळं."

"जाऊ दे."

तो इदालिनाकडे वळला. "समजाव ना तिला."

"मी आमच्या दोघींची तिकिटं काढलीत," इदालिना म्हणाली. "पुढच्या महिन्याची. पैसे भरून."

वाग्नेरने कपाळाला हात लावला. त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं. त्या दिवशी दारात उभा असताना ते नव्हतं, आता होतं. "किती मैल वाया घालवताय तुम्ही, कल्पना आहे का? माणसं वर्षानुवर्षं जमवतात." त्याला इतकं वाईट वाटत होतं की मावशीनेसुद्धा त्याच्याकडे कुतूहलाने पाहिलं, जसं अंगणात आलेल्या अनोळखी जनावराकडे बघावं. मग तो एकटाच गेला. पोर्तूहून त्याने दोन व्हिडिओ टाकले.

महिनाभर इदालिना तिथे राहिली. कचेरीला कळवलं, सुट्टी बिनपगारी झाली. आई आणि मावशी रोज सकाळी हातात हात घालून चर्चला जायच्या आणि वाटेत भांडायच्या. इदालिनाशी मावशी नीट वागायची, म्हणजे घरातल्या भाडेकरूशी वागावं तशी. निघायच्या दिवशी विमानतळावर, मावशी दोन दिवस जिथे वाट पाहत बसली होती त्या बाकाजवळून जाताना तिने बोट दाखवलं नाही की ती थांबली नाही. सूनबाईनेच इदालिनाला कोपराने खुणावलं. इदालिनाला मान वर करून बघवलं नाही.

सांतोसला परतल्यावर पहिल्याच रविवारी वाग्नेर जेवायला आला, नेहमीसारखा. आईने त्याला नेहमीसारखं वाढलं, माशाचा मधला तुकडा त्यालाच दिला. तो पुढच्या प्रवासाचं सांगत होता, आई मान डोलवत होती. तो गेल्यावर भांडी विसळताना ती म्हणाली, "त्याला तू काहीच बोलली नाहीस. अजून."

"तो तसाच आहे," आई म्हणाली. "लहानपणापासून. बाजारातून आणलेल्या संत्र्यांतही तो आपलं आधी काढून ठेवायचा. त्याच्याकडून मी काय धरून बसू?" तिने पुसलेली ताटली फळीवर ठेवली. "तू तशी नव्हतीस. मी तुला विचारलं, विमान भरलं का, आणि तू म्हणालीस भरत आलंय."

इदालिनाने नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिने वाग्नेरला फोन करून सांगितलं, माझं नाव तुझ्या खात्यातून काढ. तो म्हणाला, तुझ्या नावावर साठ हजार मैल पडलेत, काढलं तर मरतील. ती म्हणाली, मरू देत. तो हसला आणि म्हणाला, राग उतरला की सांग. तिने फ्रिज, औषधं, सगळं आपल्या कार्डावर घेतलं. आठवडाभर कागदपत्रं करावी लागली. नाव निघालं की नाही ते तिला आजतागायत नक्की माहीत नाही. अधूनमधून कंपनीचा संदेश येतो, की सन्माननीय प्रवासी, आपल्या पुढच्या थांब्याची आम्ही वाट पाहत आहोत. ती तो वाचत नाही, पुसून टाकते.

मावशीचा फोन आता नाताळाची वाट बघत नाही, दर रविवारी येतो. दोघी तासभर बोलतात. शेवटी आई फोन इदालिनाकडे देते. मावशी विचारते, पाऊस आहे का तिकडे. इदालिना सांगते, आहे किंवा नाही. मावशी म्हणते, इथे वारा आहे. मग इदालिना फोन आईच्या हातात परत देते.